पत्र्याचा माणूस हात वर करतो

लेकीचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते.

"आई, रविवारी दुपारी चारला बाबांना घेऊन आमच्या क्लब हाउसला ये. तुझ्या जावयाने तो पिक्चर शोधून काढलाय."

"कुठला?"

"बाबांचा गं. पत्र्याचा माणूस. पायात कॅनव्हासचे बूट दिसतात तो."

मी "बघू" म्हणून फोन ठेवला.

लेक पिंपळे सौदागरला राहते. त्यांच्या सोसायटीतल्या तरुण मंडळींनी एक खूळ काढलंय. दर महिन्याला एखादा जुना, भंगार, कमी पैशांत उरकलेला सिनेमा मुद्दाम शोधायचा आणि एकत्र बसून बघायचा. उडत्या तबकड्या असतात, रबरी राक्षस असतात, पण सगळ्यात जास्त मागणी अवाढव्य यंत्रमानवांना. सिनेमा जितका वाईट तितकी गर्दी जास्त. आमच्या वेळी दुसरं काही मिळत नव्हतं म्हणून आम्ही जे पाहिलं, ते ही मुलं हौसेने पाहतात. माझी हरकत नाही. पण हा सिनेमा माझ्या नवऱ्यासमोर लावणं म्हणजे काय, हे लेकीला माहीत नव्हतं. बाबांना कंपनीने वेल्डिंगवरून काढून ट्रॉल्या ढकलायला लावलं, एवढंच तिला ठाऊक होतं. ते कसं झालं आणि त्यात आईचा वाटा काय, हे आमच्या घरात बोललं गेलेलं नव्हतं. आम्हा दोघांतही पूर्ण नाही.

तो सिनेमा मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा एकोणीस वर्षांची होते. गणपतीत आमच्या काळेवाडीच्या गल्लीतलं मंडळ आरती झाली की टेबलावर भाड्याचा टीव्ही आणि व्हीसीआर मांडायचं. त्या दिवशी देवाचा सिनेमा ठरला होता, पण तो दुसऱ्या मंडळाने आधीच नेलेला. कॅसेटवाल्याने त्याच्याऐवजी हा दिला. कुठल्या देशाचा, कुणी काढला, काही कळायला मार्ग नव्हता. सुरुवातीचा भाग घासून घासून पांढरा पडला होता. शहर म्हणजे रंगवलेली खोकी. पूल कोसळला की आतलं थर्मोकोल दिसायचं. अवाढव्य यंत्रमानव आमच्या एकवीस इंची टीव्हीवर एक वीत उंच होता. आत एक माणूस, अंगावर चंदेरी रंग मारलेले डबे, आणि खाली चक्क पांढरे कॅनव्हासचे बूट. वळायचं झालं की मानेला पट्टा लावलेल्या माणसासारखा तो सगळाच्या सगळा वळायचा.

गल्लीतले निम्मे पुरुष भोसरीच्या वर्कशॉपमधले. त्यांनी सिनेमा पाहिला नाही, तपासला.

"छातीवर तेलाचा डबा लावलाय राव."

"रिव्हेट खोटे आहेत. चिकटवलेत नुसते."

"गुडघ्यात बेअरिंग नाही, चालणार कसा हा?"

"तुझ्या शेठकडे पाठव म्हणावं. ओव्हरटाइम लावून बसवून देशील."

मग तो प्रसंग आला. सैन्य हरलेलं, शहर जळतंय, आणि यंत्रमानव बंद पडून नुसता उभा. एक म्हातारा शास्त्रज्ञ त्याच्यासमोर जातो आणि स्वतःचा उजवा हात वर करतो. बराच वेळ काहीच होत नाही. म्हातारा हात खाली घेत नाही. शेवटी कुरकुरत, थरथरत, तो पत्र्याचा हात वर यायला लागतो. पुढच्या रांगेतला एक सडपातळ मुलगा उठून उभा राहिला आणि त्याने हात वर केला. मग त्याच्या शेजारच्याने. मग सगळ्या गल्लीने. मी केला नाही, माझ्या हातात प्रसादाचं ताट होतं.

तो सडपातळ मुलगा भोसरीत वेल्डरच्या हाताखाली होता. पुढच्या वर्षी त्याने मंडळाचा देखावा म्हणून तसाच यंत्रमानव बनवला. दोन मजले उंच. अंगाला तेलाचे पिंप, डोळ्यांना टेम्पोचे दिवे, खांद्यात ट्रकच्या वायपरची मोटर. बटण दाबलं की हात वर. गणपतीपेक्षा त्याच्यासमोरच जास्त गर्दी व्हायची. मी तेव्हा आयटीआयमध्ये मोजमाप शिकत होते. मी त्याला सांगितलं, "डावा पाय आखूड आहे."

"नजरेने कळतं का?"

"मोजा."

त्याने मोजला. पाय आखूड निघाला. खाली पट्टी सारली. विसर्जनानंतर तो यंत्रमानव शौचालयामागे चार वर्षं उभा होता आणि त्याच्या पोटात कुणाची तरी कोंबडी अंडी घालत होती. तो मोडीत गेला त्या वर्षी आमचं लग्न झालं. घरच्यांनी ठरवलेलंच, पण बघायला आला तेव्हा तो म्हणाला, "ओळखतो मी. चुका काढणारी."

लोक विचारतात, त्या फालतू सिनेमांत काय होतं? मला तरी एवढंच दिसतं. तो राक्षस गरीब होता. कसा जोडलाय ते आम्हाला दिसत होतं, आणि जे दिसतं ते आपणही करू शकू असं वाटायचं. शिवाय त्याला माणूस लागायचा. कुणीतरी समोर उभं राहून हात वर केल्याशिवाय तो हलत नव्हता. नवऱ्याला त्यातलं हेच आवडलं होतं. त्याने आयुष्यभर ते खरं मानलं.

चाकणच्या कंपनीत तो आधी लागला, मागून मी. गाडीच्या सीटखालची लोखंडी चौकट आम्ही बनवतो. तो सीओटू वेल्डिंगला, मी क्वालिटीला. बावीस वर्षं त्याच्या लाइनचे वेल्ड केलेले तुकडे माझ्या टेबलावर आले. नवऱ्याचं काम बायकोने तपासू नये, हे कळतं मला, पण टेबल एकच होतं. मी त्याचे तुकडे कधी सोडून दिले नाहीत. एकदा तर अख्खी पेटी परत पाठवली आणि त्या दिवशी दोघं एकाच बसने, वेगवेगळ्या सीटवर बसून घरी आलो.

वेल्ड संपतो त्या टोकाला बारीक खड्डा राहतो. तिथून पुढे तडा जातो. बहुतेकांचे तुकडे तिथेच मार खातात. माझा नवरा टोकाला पोचला की वेल्डिंगची टॉर्च लगेच उचलत नसे. एक सूत, म्हणजे तीनेक मिलिमीटर, मागे यायचा, क्षणभर थांबायचा, मग उचलायचा. खड्डा भरून यायचा आणि शेवटाला माशाच्या खवल्यासारखी एक उलटी लाट उमटायची. हे त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं. मी डोळे मिटून अंगठा फिरवून त्याचा तुकडा ओळखायचे.

मग रोबोट आला. पिवळा, एकच हात असलेला, काचेच्या खोलीत बसवलेला. कंपनीने सरळ सांगितलं होतं. महिनाभर चाचणी. तुकडे पास झाले तर रोबोट राहणार आणि लाइनवरचे आठ वेल्डर दुसरीकडे जाणार. नाही झाले तर रोबोट दुसऱ्या राज्यातल्या कारखान्याला. त्या आठांत माझा नवरा सगळ्यात जुना.

तीन आठवडे तुकडे नापास होत राहिले. तोच शेवटचा खड्डा. रोबोट बसवायला आलेला इंजिनिअर टक्कल पुसत माझ्या टेबलापाशी यायचा, "मॅडम, थोडा सा तो है," म्हणायचा. मी म्हणायचे, "थोडा भी नहीं चलता."

लाइनवर आनंदीआनंद होता. माझ्या नवऱ्याला मात्र चैन पडत नव्हती. जेवणाच्या सुट्टीत काचेला नाक लावून उभा राहायचा. घरी येऊन सांगायचा, "साहेब म्हणालेत, पास झाला तर चालवायला आपल्यातलाच अनुभवी माणूस घेणार."

"लेखी घ्या."

"त्या शास्त्रज्ञाने घेतलं होतं का लिहून?"

"तो सिनेमा होता."

"तू पण ना," तो म्हणाला. विषय तिथेच संपला.

चौथ्या आठवड्यात आमचा जुना फिटर माझ्याकडे आला. चाकणजवळच्या गावचा माणूस, कंपनी उभी राहिली तेव्हापासूनचा.

"ताई, आता तुमच्या हातात हाय."

"काय?"

"येक सही न्हाई केली तर आठ घरं बसल्या जागी ऱ्हातील."

"तुकडा चांगला निघाला तर?"

"तर डोळं मिटा. इतकी वर्सं आमचं बारीकसारीक काढलंत, त्याचंबी काढा की कायतरी."

मी काही कबूल केलं नाही. पण चार वाजता पाच नवे तुकडे आले, आणि पहिल्याच्या टोकावर मी अंगठा फिरवला, आणि पुन्हा एकदा फिरवला. खड्डा नव्हता. खवल्यासारखी उलटी लाट होती. एक सूत मागे.

कुणाला विचारायची गरज नव्हती. त्याने मला सांगितलं नव्हतं. त्या टकल्या इंजिनिअरशेजारी उभं राहून, रोबोटला हालचाल शिकवायच्या बटणांच्या पाटीवर, त्याने त्या यंत्राला आपला हात देऊन टाकला होता.

मी तुकडे कापले. पॉलिश पेपरवर घासले, ॲसिड लावलं, भिंगाखाली धरले. वितळलेलं लोखंड किती खोल गेलंय ते मोजलं. मी दोष शोधत होते. खोटं कशाला सांगू, मनापासून शोधत होते. पहिल्यात नाही. दुसऱ्यात नाही. पाचही तुकडे स्वच्छ. पाचवा तर नवऱ्याच्या हातापेक्षा सरळ.

पंधरा मिनिटं मी कागद समोर घेऊन बसले. चांगला तुकडा नापास लिहायचा तर बावीस वर्षांत मी जे जे नापास केलं त्याला काय अर्थ उरला? हे एक कारण. लोकांना सांगायला चांगलं आहे. दुसरं असं की मला राग आला होता. मला न विचारता दिलंस ना, मग भोग. त्या रागातही सही सरळ आली.

रोबोट राहिला. तो चालवायला बाहेरून दोन डिप्लोमावाले घेतले. साहेबांनी माझ्या नवऱ्याला बोलावून सांगितलं की स्क्रीनवरचं सगळं इंग्रजीत असतं, काका, तुम्हाला जमणार नाही. आदल्याच महिन्यात ते त्याने जमवून दाखवलं होतं. पण लेखी काही नव्हतं. दोघांनी नोकरी सोडली, बाकीचे इकडेतिकडे लागले, याच्या हातात ट्रॉली आली. वेल्ड झालेल्या चौकटी रोबोटपासून माझ्या टेबलापर्यंत आणायच्या. फिटर माझ्याशी बोलेनासा झाला. समोरून आला तरी वर छपराच्या पत्र्याकडे बघत जायचा.

घरी एकदाच विषय निघाला. जेवताना, ताटाकडे बघत नवरा म्हणाला, "त्याला शेवट मी शिकवला. तुला सांगितलं असतं तर तू अडवलं असतंस."

मी भाजी वाढली. सही करताना मला ते कळलेलं होतं, हे बोलले नाही. त्याच्या मनात असं पक्कं बसलं होतं की मी अजाणता सही केली. मी ते तसंच राहू दिलं.

त्या वर्षीच्या खंडेनवमीला कंपनीत नेहमीसारखी यंत्रांची पूजा झाली. मशिनी बंद, पुसून लख्ख, हळदकुंकू, झेंडूचे हार, नारळ. साहेब म्हणाले, "रोबोटला हार काकाच घालतील. त्यांचाच चेला आहे." त्याचा हात उंचावर थांबलेला होता, म्हणून डिप्लोमावाल्याने मशीन तेवढ्यापुरतं चालू करून, बटण दाबून तो खाली आणला.

"बघा, गुरूला वाकून नमस्कार करतोय!" कुणीतरी म्हणालं आणि हशा पिकला.

नवऱ्याने हार घातला. बटण दाबलं गेलं. तो पिवळा हात हारासकट सावकाश वर गेला आणि झेंडूच्या दोनचार पाकळ्या नवऱ्याच्या बुटांवर पडल्या. तो वर बघत होता. आणि हसत होता. टीव्हीसमोर उभा राहिलेला मुलगा हसला होता तसाच. त्या आठांतल्या, कामावर उरलेल्या दुसऱ्या कुणाच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. मी नारळाचा तुकडा तसाच कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि टेबलावर जाऊन बसले.

तर रविवारी आम्ही गेलो. तोच म्हणाला, "जाऊ की, त्यात काय?" इस्त्रीचा शर्ट घातला.

क्लब हाउसमध्ये पोरांनी खोक्यांना चांदीचा कागद चिकटवून यंत्रमानवाची डोकी केली होती. मोठी मोठी माणसं ती घालून पॉपकॉर्न खात होती. मोठ्या पडद्यावर सगळं आणखी उघडं पडलं. शहरातल्या झाडांमागे टेबलफॅन दिसला. यंत्रमानवाच्या पाठीची चेन दिसली. बूट दिसले तेव्हा टाळ्या पडल्या.

"किती क्यूट आहे ना!" मागची एक बाई म्हणाली. "बिचारा."

मग शास्त्रज्ञाने हात वर केला. सगळ्या क्लब हाउसने हात वर केले. जावयाने केला. लेकीने एका हातात मोबाइल धरून दुसरा केला.

"बाबा, हात! बाबा!"

नवऱ्याचे दोन्ही हात मांडीवर होते. "मी केलाय एकदा," तो म्हणाला.

सिनेमा संपल्यावर जावयाने त्याला पुढे बोलावलं आणि मंडळाच्या यंत्रमानवाची गोष्ट सांगायला लावली. तो छान सांगतो. वायपरची मोटर, आखूड पाय, कोंबडी. लोक खदाखदा हसले. मग चांदीचं खोकं मांडीवर घेतलेल्या एका तरुणाने विचारलं, "अंकल, खरा रोबोट बघितलाय का कधी?"

"शिकवलाय."

"वा! मग आता काय करतो तो?"

"माझं काम."

पुन्हा हशा. त्यांना वाटलं गंमत केली. लेकीचं हसू मात्र अर्ध्यावर थांबलं. नवरा म्हणाला, "हसू नका. आमच्या हिनेच त्याला पास केलंय. कडक मास्तरीण आहे." आणि सगळ्यांनी वळून माझ्याकडे बघून टाळ्या वाजवल्या. मी हात जोडले. दुसरं काय करणार.

खाली पार्किंगमध्ये लेक माझ्या जवळ आली. "आई, बाबांची बदली त्यामुळे झाली?"

"हो."

"आणि तू…"

"हो."

तिच्या हातात त्यांनी वाटलेलं एक चांदीचं डोकं होतं, ते तिने मागे लपवल्यासारखं केलं.

आम्ही स्कूटरवरून निघालो. रहाटणीच्या चौकाच्या अलीकडे मी मागून त्याच्या खांद्याशी वाकले आणि म्हटलं, "सही करताना मला माहीत होतं."

"काय?"

"तुम्ही शिकवलंय ते. टोक बघून कळलं होतं. माहीत असून सही केली."

त्याने स्कूटर कडेला घेतली. पाय टेकले. मागे वळला नाही. दोन वर्षं मी या क्षणाची वाट पाहत होते. त्याने ओरडावं, रस्त्यात तमाशा व्हावा, माझं मला कळावं की माझी चूक किती. शेजारून रिक्षा गेल्या, एक टेम्पो गेला.

"पाचही तुकड्यांवर आलं होतं?" त्याने विचारलं.

"काय?"

"ते मागे येणं. पाचही तुकड्यांवर सारखं आलं होतं का?"

"सारखं."

"खड्डा?"

"नव्हता. एकातही."

त्याने मान हलवली. "मग नापास कसा करणार होतीस?" असं म्हणून त्याने स्कूटर सुरू केली.

घर येईपर्यंत तो त्या सिनेमातली धून गुणगुणत होता. मी मागे बसून त्याच्या ताठ पाठीकडे बघत होते. त्या माणसाला आपलं काम चांगलं झाल्याचा आनंद होता. मला तेवढाही नव्हता.